नाक चोंदतंय? ड्रॉप्सच्या आधी वही काढा

नाक चोंदलं की आत शेंबूड साठलाय असं वाटतं. मग रुमाल धरून जोर लावायचा, कान दडपेपर्यंत. निघत काहीच नाही, कारण बहुतेक वेळा आत अडकलेलं काही नसतंच. नाकाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर वरून खाली तीन-तीन मांसल घड्या असतात. डॉक्टर त्यांना टर्बिनेट म्हणतात. त्यांतल्या रक्तवाहिन्यांचं जाळं रक्ताने भरलं की घडी फुगते आणि हवेची वाट बुजते. फुगलेली घडी शिंकरून बाहेर पडत नाही. उलट जोराने शिंकरलं तर ती आणखी चिडते आणि घाण सायनसमध्ये, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांत, किंवा कानाकडे ढकलली जाते.

ठणठणीत माणसाच्याही या घड्या पाळीपाळीने फुगतात. दोन ते सहा तास एक नाकपुडी थोडी मिटते, दुसरी उघडते, मग उलट. कुशीवर झोपलं की खालची नाकपुडी चोंदते, कूस बदलली की थोड्या वेळाने बाजू बदलते. हा आजार नाही. बाजू न बदलता एकच नाकपुडी महिनोन्महिने बंद असेल, तर मात्र लक्ष द्यायला हवं.

घडी सुजायला दहा कारणं असू शकतात आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला घातक ठरतो. मेडिकलमधून ड्रॉप्सची बाटली आणणं सोपं, पण त्याआधी कारण शोधायला हवं. ते शोधायला साधी वही पुरते.

पंधरा दिवसांची वही

रोज दोनदा, उठल्यावर आणि झोपताना, पाच गोष्टी लिहा. किती वाजता चोंदलं. तेव्हा कुठे होतात: गादीवर, कारखान्यात, शेतात, कूलरसमोर. कोणती बाजू. सोबत काय होतं: शिंका, खाज, पाण्यासारखं वाहणं, घट्ट पिवळं, डोकं जड, वास न येणं, रक्त. आणि त्या दिवशी कोणतं औषध घेतलं, रक्तदाबाच्या किंवा इतर नेहमीच्या गोळ्यांसकट. सुट्टीच्या आणि गावी गेल्याच्या दिवशी खूण करा. चार दिवस बाहेरगावी नाक मोकळं राहिलं आणि घरी परतल्यावर रात्रीतच बंद झालं, तर कारण घरातच आहे.

बाजू ओळखायला स्वयंपाकघरातली स्टीलची थंड, कोरडी ताटली घ्या. ती ओठांच्या वर, नाकाखाली आडवी धरा, तोंड मिटा आणि नाकाने हळूच श्वास सोडा. ताटलीवर वाफेचे दोन धुकट ठसे उमटतात. ते कमी-जास्त मोठे असणं स्वाभाविक आहे. पण सकाळ-संध्याकाळ दहा दिवस पाहून दरवेळी एकाच बाजूचा ठसा टिकलीएवढा किंवा मुळीच नाही, तर त्या बाजूला कायमचा अडथळा आहे. दुसरी चाचणी: गालावर, नाकाच्या कडेला बोट ठेवून कातडी कानाकडे किंचित ओढा. श्वास एकदम सुटला तर नाकाचं दारच अरुंद आहे. त्यावर गोळी चालत नाही.

वही काय सांगते

अंग मोडून आलं, घसा धरला, तिसऱ्या दिवशी नाक गच्च झालं आणि आठवड्याने ओसरू लागलं, तर ते साधं विषाणूचं पडसं. सात ते दहा दिवसांत ते जातं. मध्ये शेंबूड हिरवा-पिवळा झाला म्हणून अँटिबायोटिक लागत नाही. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो. दहा दिवस उलटूनही फरक नाही, किंवा बरं वाटता वाटता पुन्हा ताप, गाल-कपाळ ठणकणं सुरू झालं, तर सायनसचा जंतुसंसर्ग असू शकतो. तेव्हा डॉक्टर.

लागोपाठ शिंका, नाका-डोळ्यांत खाज, पाण्यासारखं वाहणं आणि ठराविक जागी किंवा ऋतूत उसळी, ही ॲलर्जी. ताप नाही.

खाज नाही, पण थंड हवा अंगावर आली, उदबत्तीचा वास आला, रंगाचा डबा उघडला की नाक बंद, तर हे ॲलर्जीविना होणारं चिडणं. शेंगा चटणी आणि खर्डा खाताना नाक वाहतं तोही याच जातीचा प्रकार. निरुपद्रवी. दही आणि केळी नाक चोंदवतात याला मात्र ठोस आधार नाही. तुमच्या वहीत तसं दिसलं तर टाळा, नाहीतर उगाच ताटातून काढू नका.

औषधांच्या रकान्याकडे नीट पाहा. प्रोस्टेटसाठीची टॅमसुलोसिन, रक्तदाबाची प्राझोसिन, लैंगिक दुर्बलतेवरची सिल्डेनाफिल यांनी नाक चोंदू शकतं. गोळी आपल्या मनाने थांबवू नका, लिहून देणाऱ्याला सांगा. गरोदरपणातही नाक चोंदतं आणि बाळंतपणानंतर साधारण दोन आठवड्यांत आपोआप सुटतं. तोवर उशी उंच ठेवा आणि मिठाच्या पाण्याने नाक धुवा, कसं ते पुढे आहे. नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. थायरॉइड मंदावल्यानेही घड्या सुजतात.

एक उलटा प्रकार आहे. नाक आतून रुंद, हवा जायला भरपूर जागा, तरी माणूस म्हणतो "बंद आहे". आत हिरवट खपल्या, दुर्गंधी घरच्यांना येते, त्याला स्वतःला नाही. नाकाचं अस्तर सुकून पातळ झालेलं असतं, म्हणून हवेचा स्पर्शच कळत नाही. इथे नाक आकसवणारे ड्रॉप्स टाकले तर नुकसानच. कोरड्या हवेच्या भागात हे ध्यानात ठेवलेलं बरं.

सोलापूरची हवा आणि सोलापूरची कामं

पाऊस सरता सरता मोकळ्या प्लॉटांवर गाजर गवत कमरेएवढं होतं. १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा दिसलेलं हे तण आज रेल्वे रुळांपासून शेताच्या बांधापर्यंत पसरलंय. त्याचे परागकण नाकाला आणि कातडीलाही झोंबतात. उपटायचं तर फुलं येण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे आणि मास्क लावून. ॲलर्जी असलेल्याने ते काम दुसऱ्यावर सोपवावं. फुलावर आलेलं गवत कापलं की परागकण अंगावरच झडतात.

सुगीच्या दिवसांत ज्वारीची रास होते तेव्हा मळणी यंत्राच्या तोंडाशी बारीक कोंड्याचा लोट उठतो. वाऱ्याकडे पाठ करा. उपरणं बांधून तो कोंडा अडत नाही. एन-९५ मास्क नाकाच्या हाडावर घट्ट दाबून लावला तरच अडतो. घरी आल्यावर आधी अंघोळ आणि कपडे बदल, मग जेवण. डोक्याच्या केसांतली धूळ रात्रभर उशीवर उतरते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

यंत्रमागावर कापसाची तूस उडते, रंगखात्यात पावडर. वहीत सोमवार ते शनिवार चोंदलेलं आणि सुट्टीला मोकळं असा नमुना दिसला तर कारण कामाचं आहे. मागाखालची तूस केरसुणीने झाडली की ती पुन्हा हवेत जाते. ओल्या फडक्याने पुसावी किंवा व्हॅक्यूमने ओढावी. सोबत छातीत घरघर किंवा दम लागत असेल तर तो फक्त नाकाचा प्रश्न उरत नाही.

पूर्व भागात घराघरांत विड्या वळल्या जातात. तंबाखूचा चुरा आणि घरातली निजायची जागा बऱ्याचदा एकच. सूप दाराशी, वाऱ्याच्या वाटेवर ठेवा, वळून झालं की फरशी ओल्या फडक्याने पुसा, विडीकामाची साडी वेगळी ठेवा, आणि मुलांची अंथरुणं त्या खोलीत घडी घालून ठेवू नका. तपकीर ओढणाऱ्यांचं नाक तर तंबाखूच सुजवत असते. ती सुटेपर्यंत स्प्रेवर खर्च वाया.

अंथरुणाबद्दल थोडं सविस्तर, कारण पहाटेच्या शिंकांचं मूळ बहुधा तिथेच असतं. धुळीतले सूक्ष्म किडे, म्हणजे डस्ट माइट, दमट हवेत वाढतात. त्यामुळे आपल्याकडे उन्हाळ्यात त्यांचा जोर कमी आणि पावसाळ्यात जास्त. जुन्या लुगड्यांची वाकळ ऊबदार खरी, पण तिच्या थरांत वर्षानुवर्षांची धूळ बसते आणि ती आतपर्यंत धुतली जात नाही. सोलापुरी चादर मात्र सुती असते आणि गरम पाण्यात धुता येते. पाणी ५५ ते ६० अंश हवं, म्हणजे हात घालवणार नाही इतकं. कोमट पाण्याने माइट मरत नाहीत. आठवड्यातून एकदा चादर आणि अभ्रे. वाकळ आणि उशा एप्रिल-मेच्या कडक उन्हात दिवसभर वाळवा, दुपारी उलटवा, संध्याकाळी गच्चीवरच झटका. घरात झटकलं तर सगळी धूळ पुन्हा घरातच.

कूलरची गवताची जाळी कुबट वास देऊ लागली की तो बुरशीचा वास असतो. पाणी दोन-तीन दिवसांनी बदला, जाळी हंगामाच्या सुरुवातीला नवी बसवा, आणि झोत थेट तोंडावर घेऊ नका.

मिठाचं पाणी: नीट केलं तर सगळ्यांत उपयोगी

पडसं, ॲलर्जी, धूळ, खपल्या, सगळ्यांत चालणारा हा एकच उपाय: मिठाच्या पाण्याने नाक आतून धुणं. पण पाण्यापासून सुरुवात करू, कारण इथेच चूक महागात पडते. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, पिंपात आणि टाकीत साठवावं लागतं. साठलेल्या पाण्यातलं क्लोरीन उडून जातं. कोमट, साचलेल्या पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा असू शकतो. तो पोटात गेला तर काही होत नाही, नाकात वर चढला तर मेंदूपर्यंत पोचतो आणि बहुधा जीव घेतो. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये याचे रुग्ण आढळले. हा आजार दुर्मीळ आहे, पण टाळणं फार सोपं आहे. पाणी खळखळा उकळल्यावर पूर्ण एक मिनिट उकळत ठेवा, झाकून गार करा आणि २४ तासांत वापरा. आरओ फिल्टरचं किंवा जारचं पाणी प्यायला ठीक असलं तरी ते निर्जंतुक नसतं. तेही उकळाच.

अर्धा लिटर पाण्याला बारीक मीठ सपाट पाऊण चमचा, म्हणजे साडेचार ग्रॅम. चमचा ५ मि.ली.चा हवा. घरातले चमचे लहान-मोठे असतात, म्हणून सिरपच्या बाटलीवरचं मापाचं झाकण धुऊन-पुसून वापरा. त्यात खायचा सोडा दोन चिमूट, धुण्याचा नव्हे. चव अश्रूंसारखी लागायला हवी. नाकात झोंबलं की लोक मीठ कमी करतात आणि मग जास्तच झोंबतं, कारण साधं पाणी अस्तरात शिरून ते फुगवतं. झोंबल्यास आधी माप तपासा, मग पाणी अंगाच्या उबेइतकं कोमट आहे का ते पाहा.

नेतीचं भांडं, म्हणजे नाक धुण्याचं नळीचं भांडं, किंवा दाबायची बाटली घ्या. बेसिनवर कमरेत वाका, डोकं एका बाजूला कलवा, हनुवटी आणि कपाळ साधारण एका पातळीत. तोंड उघडं ठेवून तोंडानेच श्वास घ्या, "आऽऽ" म्हणत राहिलात तर घशाकडची वाट मिटलेली राहते. वरच्या नाकपुडीत नळी टेकवून सुमारे १२० मि.ली. सावकाश सोडा. पाणी खालच्या नाकपुडीतून बाहेर येईल. मग दुसरी बाजू. अर्धा लिटर सकाळ-संध्याकाळ मिळून पुरतं.

संपल्यावर पुढे वाकून मान डावी-उजवीकडे वळवा, नाहीतर तासाभराने बसमध्ये वाकल्यावर उरलेलं पाणी अचानक ओघळतं. शिंकरताना एकाही नाकपुडीवर बोट दाबू नका, दोन्ही उघड्या ठेवून हलकेच. कान दडपला तर डोकं मागे गेलं होतं, किंवा मध्येच गिळलं, किंवा बाटली जोरात दाबली. कान दुखत असेल, नाक दोन्ही बाजूंनी ठार बंद असेल किंवा नुकतं नाकाचं ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. झोपायच्या तासभर आधी उरका. भांडं त्याच उकळलेल्या पाण्याने विसळून उपडं वाळवा.

स्प्रे: औषध बरोबर, हात चुकीचा

ॲलर्जीने चोंदलेल्या नाकावर सगळ्यांत परिणामकारक औषध म्हणजे स्टिरॉइडचा नाकातला स्प्रे: फ्लुटिकासोन, मोमेटासोन, बुडेसोनाइड. डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच घ्यायचा. "स्टिरॉइड" ऐकून घाबरायचं कारण नाही, योग्य मात्रेत रक्तात फारच थोडं पोचतं. गडबड होते ती वापरात.

बाटली हलवा, नवी असेल तर बारीक फवारा येईपर्यंत हवेत दाबा. मान किंचित खाली. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, डाव्यासाठी उजवा. असं केलं की टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याच्या दिशेने राहतं आणि दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यावर फवारा आदळत नाही. पडद्यावर रोज मारलं की महिन्याभरात घोळणा फुटतो आणि माणूस औषधाला दोष देऊन बंद करतो. दाबताना हळूच श्वास घ्या, फुलाचा वास घेतो तसा. जोरात ओढलं तर औषध घशात, जिभेवर कडू चव. मिठाच्या पाण्याने धुतल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी मारा.

पहिल्या दिवशी काही वाटत नाही. पूर्ण फरक कळायला दोन आठवडे रोज वापरावा लागतो. तिसऱ्या दिवशी "उपयोग नाही" म्हणून फेकलेल्या बाटल्या पुष्कळ.

ड्रॉप्सची फसगत

झायलोमेटाझोलिन आणि ऑक्सिमेटाझोलिन रक्तवाहिन्या आकसवतात. दहा मिनिटांत नाक खुलं, म्हणूनच ते आवडतात. तीन दिवस, फार तर पाच. त्यापुढे अस्तर औषधाच्या भरवशावर राहतं. असर उतरला की आधीपेक्षा जास्त सुजतं, माणूस पुन्हा दोन थेंब टाकतो, आणि मग खिशात बाटली नसेल तर झोप लागत नाही. पडसं कधीच गेलेलं असतं, उरलेली सूज ड्रॉप्सची असते. रक्तदाब ताब्यात नसेल, काचबिंदू किंवा हृदयविकार असेल तर विचारल्याशिवाय एक थेंबही नको.

सोडवायचं कसं? एका नाकपुडीत ड्रॉप्स पूर्ण बंद, दुसरीत चालू. सोबत डॉक्टरांच्या सल्ल्याने स्टिरॉइड स्प्रे दोन्ही बाजूंना आणि मिठाचं पाणी. पहिले तीन ते सात दिवस ती बाजू गच्च राहते, पण झोपता येतं कारण दुसरी खुली असते. ती सुटली की दुसऱ्या बाजूचेही बंद. उशी उंच. एकदम दोन्हीकडे बंद करणारे बहुतेकजण दुसऱ्या रात्री हार मानतात.

गोळ्या, वाफ, बाम

सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन या गोळ्या शिंका आणि खाज थांबवतात, चोंदलेपणावर त्यांचा जोर कमी. सेटिरिझिनने झोप येते, गाडी किंवा माग चालवायचा असेल तर ध्यानात ठेवा. फेक्सोफेनाडिन फळांच्या रसासोबत घेऊ नका, शोषण घटतं. सर्दीच्या तयार गोळ्यांमधलं फिनाइलेफ्रिन तोंडावाटे घेतल्यास जवळपास निरुपयोगी, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये एकमताने सांगितलं.

वाफेने घटकाभर बरं वाटतं. पातेलं जमिनीवर ठेवून, त्यावर टॉवेल घेऊन पोराला बसवणं मात्र बंद करा, भाजण्याचे प्रकार असेच होतात. मेन्थॉल-कापराचं बाम नाक उघडत नाही. ते गारव्याची संवेदना चाळवतं आणि मेंदूला हवा जास्त आल्यासारखी वाटते. छातीवर चोळा, नाकपुडीत नको, दोन वर्षांखालच्या मुलाला कुठेच नको.

लहान मुलांचं

तान्हं बाळ मुख्यतः नाकाने श्वास घेतं, म्हणून नाक चोंदलं की अंगावर पिता येत नाही. पाजण्याच्या दहा मिनिटं आधी औषधाच्या दुकानातले सलाइनचे दोन-दोन थेंब टाका. नाकात तेल किंवा तूप सोडू नका, ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. बाळंतिणीच्या खोलीतली शेक-धुरी पिढ्यान्‌पिढ्यांची असली तरी तो धूरच आहे. शेक द्या, धुरी वगळा. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांचं मिश्रण असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना भारताच्या औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरमध्ये दिली आहे. घरातल्या बाटलीचं लेबल पाहा.

तीन ते सात वर्षांचं मूल कायम तोंड उघडं ठेवत असेल, घोरत असेल, टीव्हीचा आवाज वाढवायला सांगत असेल, तर नाकामागची ॲडेनॉइड ग्रंथी वाढलेली असू शकते. आणि एकाच नाकपुडीतून घाण वास, पू येत असेल तर आत काहीतरी घातलंय असंच धरा: शेंगदाणा, चिंचोका, मणी. चिमटा किंवा पिन घालू नका, वस्तू आत सरकते. छोटी गोल बॅटरी असण्याची शंका आली तर त्याच तासाला दवाखाना, ती काही तासांत पडदा जाळते.

"हाड वाढलंय"

हे वाक्य आपल्याकडे सरसकट वापरलं जातं. वाढलेलं काही नसतं, बहुतेक वेळा मधला पडदा वाकडा असतो, किंवा खालची घडी सुजून मोठी झालेली असते. थोडा वाकडा पडदा खूप जणांचा असतो आणि त्रास काहीच नसतो. तेव्हा केवळ वाकडा दिसला म्हणून ऑपरेशन नको. नीट दोन-तीन महिने औषध घेऊनही ताटलीवरचा ठसा उमटत नसेल तर विचार करावा. "मांस वाढलंय" म्हणजे पॉलिप असेल तर वास जातो. त्यासोबत दमा असेल आणि ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामकाने दम लागत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. सायनससाठी साध्या एक्स-रेवर पैसे घालण्यापेक्षा दुर्बिणीची तपासणी आणि गरज पडल्यास सीटी स्कॅन उपयोगी.

वही बाजूला ठेवून लगेच जायचं तेव्हा

मधुमेह असून चेहरा दुखतोय, गाल बधिर, नाकात किंवा टाळूवर काळा डाग, डोळा सुजला: ही म्युकरमायकोसिसची, म्हणजे काळ्या बुरशीची, लक्षणं असू शकतात, २०२१ मध्ये कोविडनंतर जी अनेकांनी पाहिली. त्यात रात्र काढू नका. डोळ्याभोवती सूज किंवा दोन-दोन दिसणं, मान आखडून ताप, डोक्याला मार लागल्यावर वाकलं की एका नाकपुडीतून स्वच्छ पाणी ठिबकणं, यांतही तसंच. एकाच बाजूला चोंदणं आणि वारंवार रक्त, विशेषतः चाळिशीनंतर, हे आठवड्याच्या आत दाखवावं.

सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये कान-नाक-घशाचा विभाग आहे. जाताना वही, चालू गोळ्यांची पाकिटं आणि वापरत असलेली ड्रॉप्सची बाटली सोबत न्या. ॲलर्जीची कातडीवरची चाचणी ठरली असेल तर सेटिरिझिनसारख्या गोळ्या पाच ते सात दिवस आधी थांबवाव्या लागतात, नाहीतर चाचणी खोटी नकारात्मक येते. ही तारीख चिठ्ठीवर लिहून घ्या.